खोली ऐकणारा व्हॉल्व्ह

“पण आबा, एकदा गाणं वाजवून का नाही बघायचं?”

रमाकांत तायडेने हे विचारलं तो चैत्रातला एक साधासुधा मंगळवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि भुसावळचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. शेजारी लोटन इंगळेची पिठाची गिरणी चालू होती. दामोदर फिरके ऊर्फ आबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, टेबलावर, गिटारचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर पाठ उघडी करून ठेवला होता.

तो आबांच्या मुलाचा, लीलाधरचा.

पेटी मोठी, ट्रंकेएवढी. रेल्वे कॉलनीतला रॉबिन्स ड्रायव्हर नोकरी संपवून परदेशी मुलीकडे निघाला, तेव्हा जाताना ती लीलाधरला देऊन गेला होता. आत पाच व्हॉल्व्ह. काचेच्या नळ्या त्या. तापल्या की आत तांबूस उजेड दिसू लागतो, आणि मग कुठे आवाज फुटतो. असले व्हॉल्व्ह आता कोणी बनवत नाही म्हणा, वापरत नाही म्हणा. त्यातलं जाणणारा माणूस जिल्ह्यात एकच उरला होता, आणि म्हणून आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा रमाकांत सुट्टीच्या दिवशी आणि रोज संध्याकाळी या दुकानात येऊन बसायचा. आज सुट्टी होती. आठ वर्षं झाली. पोरं त्याला सर म्हणायची. आबाही सर म्हणायचे, पण ते वेगळं.

 आबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि रांगेतल्या पहिल्या व्हॉल्व्हला हलकेच टोचली.

पेटीतून आवाज आला, वाटीला चमचा लागावा तसा.

“काय ऐकलंत, सर?”

“वाजतोय आतून.”

आबांनी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला. पेटी वाजली. त्यांनी जमिनीवर पाय आपटला. पेटी वाजली.

“याचं काम गिटारचं ऐकायचं. तेवढंच. हा आता खोली ऐकायला लागलाय. तुमचं माझं बोलणं ऐकतो, लोटनची गिरणी ऐकतो. याला काढायचा.”

रमाकांतला आठवलं, लीलाधर रविवारी पेटी ठेवून गेला तेव्हा काय म्हणाला होता. मागच्या मोठ्या व्हॉल्व्हची जोडी थकली आहे, ती बदला. पण पहिल्याला हात लावू नका, त्याची ती खणखण मला लागते. आबांनी तेव्हा मान वर न करता सांगितलं होतं की खणखण म्हणजे दोष, आणि दोष ठेवायचा असेल तर दुकानात कशाला आणायचा. लीलाधर हसला होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, रेल्वेत फिटर, रविवारी ऑर्केस्ट्रात गिटार. बापाशी वाद घालण्याचं वय त्याने कधीच मागे टाकलं होतं.

त्याने जाताना पायरीवर चप्पल घालत एवढंच विचारलं होतं, “कधी मिळेल?”

“झाली की.”

“बरं.”

आबांनी बटण बंद केलं, व्हॉल्व्ह निवू दिला, मग सदऱ्याच्या टोकात धरून काढला. कागदाची एक चिंधीएवढी चिठ्ठी घेतली. तिच्यावर पेन्सिलने लिहिलं, ‘लीला’. वाटीतली खळ बोटावर घेऊन ती व्हॉल्व्हच्या काचेला चिकटवली आणि व्हॉल्व्ह बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवला.

ही त्यांची रीत. खळ लोटनच्या गिरणीतल्या पिठाची. दुकानातून काढलेला एकही व्हॉल्व्ह त्यांनी आजवर फेकला नव्हता. प्रत्येकावर, ज्याचा तो, त्याचं नाव. माणूस चार दिवसांनी परत येतो आणि म्हणतो, आबा, पहिल्यासारखं वाटत नाही. तेव्हा त्याचं त्याला परत लावून देता आलं पाहिजे. डब्यातली काही माणसं वीस वर्षांपूर्वी गाव सोडून गेली होती. काही जगही सोडून गेली होती. चिठ्ठ्या होत्या.

पहिल्याच्या जागी साठ्यातला नवा व्हॉल्व्ह रमाकांतने लावला. आबांनी पेटी चालू केली, गिटारची वायर हातात घेतली आणि तिच्या टोकाला बोट लावलं.

घूंऽऽ.

आबांची तपासणी एवढीच. रेडिओ असला तर ते काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवून नुसती खरखर ऐकत. दुकानात गाणं लागत नसे. लोटन म्हणायचा, आबा, तुमच्या रेडिओपेक्षा माझी गिरणी सुरात आहे. गंमत म्हणजे आबांच्या घरीही रेडिओ नव्हता. दिवसभर ऐकलेल्या कानाला घरी शांतता लागते, असं ते म्हणत. लीलाधर गिटार शिकला तोही रॉबिन्स ड्रायव्हरच्या बंगल्यावर.

आबांनी पुन्हा बटण बंद केलं आणि पेटी उलटी करायला घेतली. आता आतलं जोडकाम उघडायचं होतं.

“चहा सांगा,” ते म्हणाले. “तो येईपर्यंत आत हात घालायचा नाही.”

हाही नियम. बटण बंद झालं तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज राहते. ती दिसत नाही. माणूस फेकला जाईल एवढी असते.

रमाकांत चहा सांगून आला. त्याचा प्रश्न तसाच लटकत होता. आबा पेन्सिल कानामागे ठेवत म्हणाले,

“गाणं लागलं ना, सर, की कान गाण्यामागे जातो. दोष मागे राहतो. आपलं काम दोष ऐकायचं.”

रमाकांतने खिशातली डायरी काढून हे वाक्य लिहून घेतलं. उद्या वर्गात सांगायला छान होतं.

तो लिहीत असतानाच गिरणी थांबली.

पट्टा सुटला असेल, असं त्याला वाटलं. मग दारात लोटन उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत पीठ. हात पंचाला पुसत होता, आणि पुसतच राहिला.

“आबा... फोन आहे. सावद्याहून.”

“कोणाचा?”

“तुम्ही या.”

दुकानात फोन नव्हता, गिरणीत होता. आबा गेले. रमाकांतला भिंतीपलीकडून एकदाच त्यांचा आवाज ऐकू आला. “हो, मी वडील.”

लीलाधर सकाळी मोटारसायकलवर सावद्याला निघाला होता. कार्यक्रमाची सुपारी घ्यायची होती. पोचायला दोन किलोमीटर राहिले असताना केळीचा ट्रक...

आबा परत दारात आले. आत आले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या पेटीकडे पाहिलं, मग रमाकांतकडे.

“चहा येऊ द्या,” ते म्हणाले. “तोवर हात घालू नका.”

आणि ते लोटनच्या स्कूटरवर मागे बसून गेले.

चहा आला. दोन कप. रमाकांत उघड्या पेटीसमोर बसून राहिला. चहा आला होता, म्हणजे आता हात घालायला हरकत नव्हती. त्याने घातला नाही. दोन्ही कपांवर साय धरली. गिरणी त्या दिवशी परत सुरू झाली नाही.

*

दहावा तापीच्या काठावर झाला. आबांनी सगळं केलं, भटजी सांगतील तसं. बापाने मुलाचं करायचं म्हणजे काय, हे बघणाऱ्यांना बघवत नव्हतं. आबा मात्र कुठे अडखळले नाहीत. कावळा शिवेपर्यंत ते उन्हात उभे होते.

रमाकांत त्या दिवशी नदीवरून थेट दुकानात गेला. किल्ली त्याच्याकडे होती. आबा तेराव्यानंतर येतील, तेव्हा त्यांना धूळ दिसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने टेबल पुसलं. फळ्या पुसल्या. रेडिओ पुसले. मग पत्र्याचा डबा उघडला आणि ओल्या फडक्याने एक-एक व्हॉल्व्ह पुसून काढला. वर्षानुवर्षांची काजळी होती. फडकं काळं झालं की तो ते पिळायचा आणि पुढचा घ्यायचा. बादलीत कागदाचे लगदे तरंगत होते. त्याचं मन नदीवर होतं.

काम झाल्यावर व्हॉल्व्ह पाण्याच्या थेंबासारखे लख्ख दिसत होते. त्याला बरं वाटलं.

चौदाव्या दिवशी आबा आले. खुर्चीत बसले. चष्मा पुसला. कुणाचा तरी ट्रान्झिस्टर पुढे ओढला आणि खरखर ऐकू लागले.

पेटी कोपऱ्यात होती. तिच्यावर रमाकांतने चादर टाकली होती. आबांनी ती काढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गिऱ्हाईक येई, लीलाधरबद्दल दोन शब्द बोले, आबा मान हलवत आणि विचारत, “याला काय झालंय?” म्हणजे रेडिओला.

महिना होत आला तेव्हा अशरफ मणियार आले. ऑर्केस्ट्रा त्यांचा. लीलाधर त्यांच्याकडे बावीस वर्षं वाजवत होता. पायरीवर बसून त्यांनी आधी टोपी काढली, मग नाक शिंकरलं, मग बोलले. येत्या रविवारी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये लीलूभाईच्या नावाने कार्यक्रम ठेवला होता. तिकीट नाही, काही नाही, सगळ्यांना खुला. त्यांची इच्छा अशी की स्टेजवर लीलूभाईची पेटी असावी, आणि त्याच पेटीतून त्याची दोन गाणी वाजावीत. गिटार अशरफभाई स्वतः धरणार होते. त्यांना थोडं यायचं.

“आवाज त्याचा पाहिजे, आबा. माणूस तर नाही आणता येत.”

आबा ट्रान्झिस्टरचा काटा फिरवत राहिले.

“मी देतो करून,” रमाकांत म्हणाला.

आबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“लीलाधरभाऊंचा आवाज जसाच्या तसा देतो,” रमाकांत म्हणाला. आठ वर्षं शिकलो ते कशासाठी, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. आणि आबांना तो आवाज पुन्हा ऐकायला मिळेल, हे तर होतंच. आबांच्या घरी त्याने गेला महिनाभर आबांना भिंतीकडे बघत बसलेलं पाहिलं होतं.

“द्या,” आबा म्हणाले. “तुम्हाला येतं.”

हे कौतुक होतं की आणखी काही, ते त्याला कळलं नाही.

त्याने दोन संध्याकाळी खपून पेटी पुरी केली. मोठी जोडी आबांनीच पूर्वी आठांतून निवडून ठेवली होती. दोन्ही व्हॉल्व्ह सारखीच वीज ओढणारे, एकालाच ओझं होऊ नये म्हणून. ती बसवली. सुटलेले दोन सांधे झाळले. पेन्सिलने पाचही व्हॉल्व्ह टोचून पाहिले. कुठे खट्टही नाही. वायरीच्या टोकाला बोट लावलं. घूंऽऽ. स्वच्छ.

अशरफभाई गिटार घेऊन आले. दुकानात गाणं लावायचं नाही म्हणून पायरीवर बसले, वायर आतून बाहेर घेतली. लोटनने आपण होऊन गिरणी बंद केली. त्यांनी चार सूर छेडले, मग चार ओळी. थांबले.

“साफ आहे,” ते म्हणाले. “एकदम साफ.”

“मग?”

“लीलूभाईची नाही.”

रमाकांतचे कान गरम झाले.

“त्याची जरा... कशी सांगू. सूर संपला तरी आत कुणीतरी बसलंय असं वाटायचं. तुम्ही तर ऐकलंय की सर, दोन-तीनदा आला होतात.”

रमाकांत आला होता, खरंच. त्याने आठवून पाहिलं. जामनेरच्या कार्यक्रमात डावा स्पीकर फाटलेला होता. वरणगावला माइक शिटी मारत होता, आणि ती कुठून येते हे तो सगळा वेळ शोधत बसला होता. गिटार... गिटारही असणार.

मग त्याला उमगलं, आणि तो जवळजवळ हसला.

“पहिला व्हॉल्व्ह,” तो म्हणाला. “त्यांनी ठेवायला सांगितला होता, आम्ही काढला. कुठे जातोय? डब्यात आहे. त्याच्यावर नाव...”

तो डब्यापाशी पोचेपर्यंत त्याचं वाक्य थांबलं होतं.

त्याने झाकण उघडलं. सगळे लख्ख. नावं नव्हती. कंपनीची पांढरी अक्षरंसुद्धा नव्हती. जुन्या व्हॉल्व्हवरची ती अक्षरं ओल्या अंगठ्यानेही जातात, हे त्याला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. बादलीतले ते कागदाचे लगदे त्याला आता दिसले. त्याने ते स्वतःच्या हाताने गटारात ओतले होते.

आबा उठून जवळ आले. डब्यातला एक व्हॉल्व्ह त्यांनी दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला.

“पुसलेत?”

“हो.”

“सगळे?”

“सगळे.”

आबांनी तो परत ठेवला.

“छान चकचकीत झालेत,” ते म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर रमाकांतला सोसलं असतं.

*

रविवारला चार दिवस होते.

डब्यात शंभरावर व्हॉल्व्ह होते. त्याने काचेतून आतल्या पट्ट्यांची ठेवण बघून त्या जातीचे वेगळे काढले. तेवीस निघाले. यातला एक लीलाधरचा.

तो आयटीआयमधून रजा टाकून आला आणि बसला. एक व्हॉल्व्ह लावायचा. तापू द्यायचा. उजेड स्थिरावला की पेन्सिल. मग बंद करायचा आणि निवू द्यायचा, कारण तापलेला हलवला तर आतली तार तुटते. मग पुढचा. घाई करता येत नव्हती. त्याला वाटलं, आपल्याला ही शिक्षाच आहे, आणि बरी आहे.

बहुतेक मुके निघाले. काही खोकले. एक लावताच फसफसला; त्याच्या आतला चांदीसारखा आरसा पांढराफटक पडला होता, म्हणजे कधीतरी काचेला केसाएवढा तडा जाऊन हवा शिरली होती. काहींत नुसतीच खरखर.

आबा खुर्चीतून बघत. एकदाही जवळ आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांनी जेवणाच्या डब्यातला शेवटचा घास खाल्ला, हात झटकले आणि विचारलं,

“कशाला एवढं, सर?”

“चूक माझी आहे.”

“चूक व्हॉल्व्ह काढल्याची, की पुसल्याची?”

रमाकांत चमकला. काढला होता तो आबांनी.

“पुसल्याची,” तो म्हणाला.

आबांनी मान हलवली, म्हणजे त्यांना ते पटलं असं नाही.

थोड्या वेळाने रमाकांतच बोलला. त्याने विचारलं की चिठ्ठ्या कशासाठी ठेवायच्या, जर माणसं परत येतच नाहीत. डब्यात अर्ध्याहून जास्त नावं अशीच असतील.

“कोण येणार, कोण नाही, हे चिठ्ठी लावताना कळतं का?”

“नाही.”

“मग.”

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तेवीसचे तीन उरले. तिन्ही पेन्सिलीला वाजत. तिन्ही खोली ऐकत. एक जरा लांबवर वाजायचा, एक चटकन विझायचा, एकाची खणखण खालच्या सुरात होती. यातला एक नक्की लीलाधरचा. कुठला, ते पेन्सिल सांगू शकत नव्हती. त्याने पुन्हा पुन्हा टोचून पाहिलं. वायरीच्या टोकाला बोट लावून पाहिलं. बोटाला तिन्ही सारखेच घुमत होते.

त्याने लोटनला पाठवून अशरफभाईंना बोलावून घेतलं.

*

शनिवारी दुपारी अशरफभाई आले. रमाकांतने दुकानाचं दार पुरतं उघडलं, खुर्ची झटकली आणि त्यांना आत बसायला सांगितलं. आत. त्यांनी आबांकडे पाहिलं. रमाकांतनेही पाहिलं. इतकी वर्षं या दुकानात गाणं लागलं नव्हतं.

“बसा,” आबा म्हणाले.

लोटनने गिरणी बंद केली आणि पीठभरल्या अंगानेच दारात येऊन टेकला. दळण घ्यायला आलेल्या दोन बाया डबे खाली ठेवून उभ्या राहिल्या.

रमाकांतने पहिला व्हॉल्व्ह लावला. उजेड तांबडा होऊ दिला. अशरफभाईंनी लीलाधरचं गाणं वाजवलं, त्यांना येत होतं तेवढं. सूर संपल्यावर पेटीत काहीतरी थोडं मागे राहिलं आणि विरलं.

बंद. निवू दिला. दुसरा लावला. तेच गाणं.

बंद. निवू दिला. तिसरा. तेच गाणं. या वेळी लोटनने दारातल्या दारात पाय बदलला, तेव्हा पेटीने ती चाहूलही घेतली.

अशरफभाईंच्या गालावरून पाणी उतरत होतं. रमाकांतने त्यांना विचारलं, यातला कुठला?

त्यांनी गिटार मांडीवर आडवी केली.

“दुसरा वाटतो. तिसराही वाटतो.” मग त्यांनी आबांकडे हात केला. “मला काय विचारता? बाप समोर बसलाय. त्याच्या कानापुढे मी कोण?”

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

आबा मान खाली घालून बसले होते. तिन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून ऐकलं होतं. रमाकांतने ते पाहिलं होतं आणि मनाशी म्हटलं होतं की आता कळेल. तो त्यांच्या खुर्चीपाशी गेला आणि खाली, जमिनीवर, बसला. तिन्ही व्हॉल्व्ह त्याच्या ओंजळीत होते. तिसरा अजून कोमट होता.

“आबा, तुम्ही सांगाल तो लावतो. एकदा सांगा. यातला लीलाधरभाऊंचा कुठला?”

...

बाहेर दळणाचा एक डबा कलंडला. कुणी वळून पाहिलं नाही.

आबांनी हात पुढे केला. रमाकांतला वाटलं, ते व्हॉल्व्ह उचलतील. त्यांनी अशरफभाईंच्या गिटारमधून वायर काढून घेतली. तिच्या टोकाला नेहमीप्रमाणे बोट लावलं. पेटी बंद होती. तिच्यातून काही आलं नाही. तरी ते बोट तसंच ठेवून बसले.

...

“आबा?”

“रमाकांत,” आबा म्हणाले. आठ वर्षांत त्यांनी हे नाव घेतलं नव्हतं. “तो वाजवायचा, तेव्हा मी ऐकायला कधी गेलो नाही.”